बियाची काकडी

आईच्या इमारतीत तग धरण्याची एक समिती आहे. तिचं खरं नाव इंग्रजी आहे. भूपेश ते दिवसातून दहा वेळा उच्चारतो, तेवढं पुरे, म्हणून मी इथे लिहीत नाही.

भूपेश चौथ्या मजल्यावर राहतो, ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत आहे, आणि मांजर्लीतल्या त्या सहा मजली इमारतीच्या गच्चीवर शेती करतो. म्हणजे शेतीचं ॲप चालवतो. प्रत्येक कुंडीला नंबर आहे. प्रत्येक कुंडीच्या मातीत एक काडी खुपसलेली आहे आणि ती काडी भूपेशच्या फोनला कळवते की कुंडी नंबर सतरा तहानली आहे. मातीत बोट घातलं असतं तरी कळलं असतं, पण बोटाचा आलेख निघत नाही.

तंत्रज्ञानाचा सजग वापर हे त्याचं दुसरं खूळ. दर रविवारी दहा ते बारा गच्चीवर मौन असतं. समितीतल्या बायका-पुरुषांनी आपले फोन जिज्ञासाच्या, म्हणजे भूपेशच्या बायकोच्या, वेताच्या टोपलीत टाकायचे आणि न बोलता माती उकरायची. या मौनाची आठवण करून देणारा निरोप शनिवारपासून तीनदा फोनवर येतो. सव्वाबारा वाजले की फोनशिवाय किती शांत वाटलं हे प्रत्येक जण फोनवर लिहितो.

माझी आई या समितीत नव्हती, पण समितीला ती हवी होती. तीन वर्षांपूर्वी उल्हास नदीचं पाणी पार्किंगमधून वर चढलं, दोन दिवस वीज नव्हती, सगळे फोन मेले, तेव्हा तळमजल्यावरची माणसं आईने वर आपल्या घरात घेतली आणि गच्चीवरच्या अळूवर आणि भोपळ्यावर एकोणीस जणांना जेवू घातलं. भूपेशने पुढे त्याची स्लाइड केली. आईचा फोटो मधोमध आणि चारी बाजूंनी तिच्याकडे येणारे बाण. आई बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "विनू, ह्ये बान माज्याकरं कशाला मारलेत?"

आई पालेगावची, आगरी शेतकऱ्याची मुलगी. नाव जनी. तिच्याकडे मासळी बाजारातून आणलेले थर्माकोलचे अकरा खोके होते, काड्या नव्हत्या, आणि टाकीच्या कडेला दोरीवर चढवलेला काकडीचा वेल होता. हे काकडीचं बी तिच्या आईचं. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात पेरलेलं आणि दर पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा धरलेलं. फिकट हिरव्या, बुटक्या, पांढऱ्या रेघांच्या काकड्या. ऋषिपंचमीला इमारतीतल्या बायका त्यासाठी दारात यायच्या. आई बीसुद्धा वाटायची, सात-आठ घरांत तरी. त्या घरांनी काकड्या खाल्ल्या. बी कोणी धरलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वाटी घेऊन हजर.

आई गेली गणपतीत. आठ दिवस अंबरनाथच्या इस्पितळात होती. नेण्याच्या आदल्या दिवशी ती कठड्याला धरत गच्चीवर गेली आणि वेलावरच्या सगळ्यांत मोठ्या काकडीच्या देठाला तिने आपल्या जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली. हे ती दरवर्षी करायची. चिंधी बांधलेली काकडी बियाची. ती तोडायची नाही. तिला पिवळी, मग तपकिरी होऊ द्यायचं, देठ वाळू द्यायचा. मी खाली थांबले असताना तिने वरून सांगितलं, "देठ वालला का मंग कार. आदी हात लावू नको बाय."

इस्पितळातही तेच म्हणाली. मी मान डोलावली. मी तेव्हा तिच्या ऑक्सिजनचे आकडे बघत होते.

तेराव्यानंतर मी डबे उपसले. मेथी, वाल, अळूचे वाळवलेले कांदे, सगळं सापडलं. काकडीचं मागच्या वर्षीचं एकही बी नव्हतं; वाटून संपलेलं. पालेगावला मामीला फोन केला. मामाच्या शेतावर आता एकवीस मजले उभे आहेत. मामी म्हणाली, "काकरी? आता बाजारशी आनतो आमी." म्हणजे गच्चीवर लटकत होती तेवढीच उरली होती. आईचं घर भाड्याचं, महिनाअखेर रिकामं करून द्यायचं. देठ वाळायला अजून दहा-बारा दिवस होते. ते हाताशी होते.

त्याच दिवशी मी एक गोष्ट केली. आत्या आणि मामीने आईच्या साड्या रीतीप्रमाणे वाटून टाकल्या होत्या. मी अडवलं नव्हतं. संध्याकाळी वेलाला पाणी घालायला गच्चीवर गेले आणि ती निळी चिंधी दिसली. आईच्या अंगावरच्या कापडातलं तेवढंच आता या इमारतीत होतं. आईने मारलेली गाठ होती. मी ती सोडवली. काकडी कोणती ते मला माहीत होतंच. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी खूण असते, असं मी मनात म्हटलं. असं काही मनात म्हणायला मला फार आवडतं. चिंधी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि अंबरनाथला, माझ्या घरी, गेले. सोमवारपासून कॉलेजच्या ग्रंथालयात पुन्हा रुजू व्हायचं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला इमारतीच्या गटावर फोटो आला. भूपेशच्या दोन्ही हातांवर, बारशाच्या बाळासारखी, आईची काकडी. पिवळी, अजून तपकिरी न झालेली. खाली मजकूर: "विक्रम! दोन किलो आठशे! मावशींचा वेलही ॲपवर घेतल्यापासून पाच वेळा 'काढणीस उशीर' असा इशारा आला होता. आपल्या लाडक्या जनीमावशींची शेवटची भेट. चौदा घरांत समान वाटप केले आहे. पितृपक्षात याहून मोठी श्रद्धांजली कोणती?" आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मी भूपेशला फोन केला. वाजत राहिला. जिज्ञासाला केला. आईच्या शेजारच्या बकुळाकाकूंना केला. मग घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते. सगळे फोन टोपलीत एकमेकांच्या अंगावर वाजत असणार.

अंबरनाथहून रिक्षा केली. तिथपासून मांजर्लीपर्यंत मी भूपेशला उद्देशून वाक्यं जुळवत होते. चांगली वाक्यं होती. लायब्ररीत वीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसऱ्याचं अज्ञान नेमक्या शब्दांत मांडता येतं. काडी खुपसून पीक कळत नाही. इशारा फोन देतो, पण फोनला कोणी आई असते का. त्याच त्या विचारात खरवईच्या बाजूच्या नव्या इमारतीचा फलक, "निसर्गाच्या कुशीत", मी वाचला आणि त्यावरही एक वाक्य तयार केलं.

गच्चीवर पंधरा-सोळा माणसं कुंड्यांपाशी उकिडवी बसली होती. कोणी बोलत नव्हतं. दाराजवळ जिज्ञासा टोपली राखत होती. मी आत शिरले तशी तिने ओठांवर बोट ठेवलं.

"काकडीच्या बिया कुठे आहेत?" मी विचारलं.

भूपेश उठला. त्याच्या टोपीवर पान शिवलेलं होतं. त्यानेही ओठांवर बोट ठेवलं, मग घड्याळाकडे दाखवलं, मग हाताने 'दीड तास' अशी खूण केली.

"भूपेश, ती बियाची काकडी होती. अख्ख्या जगात तेवढीच उरली होती. तुझ्या मौनात मला सांग, तुला बियाची आणि खायची यातला फरक कळत नाही, तर तू या गच्चीवर करतोस काय?"

मौन मोडलं. ते त्याने मोडलं नाही, बकुळाकाकूंनी मोडलं. त्या पहिल्या मजल्यावर राहतात, जुन्नरकडच्या, आईच्या पंधरा वर्षांपासूनच्या शेजारीण. "अगं विनिता, आली तशी भांडतेस काय! बस. पाणी पी. तुझ्या आईची म्हणून त्यानं घरोघर दिली. मला तर रडूच आलं."

"काकू, त्याने आईचं बी मारलं."

"ताई," भूपेश म्हणाला. हळू बोलत होता, अजून मौनाचा मान राखत असल्यासारखा. "सॉरी. पण बियाची असती तर मावशींनी चिंधी बांधली असती ना? त्यांनीच शिकवलं आम्हाला. चिंधी असेल त्याला हात लावायचा नाही. ॲपमधला पहिला नियम तोच आहे, बघा हवं तर." हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता. "मी आज सकाळी स्वतः सगळ्या बाजूंनी पाहिलं. देठ पाहिला. चिंधी नव्हती. नसेल म्हणजे खायची, असं मावशी म्हणायच्या."

रिक्षेत जुळवलेली वाक्यं आठवून पाहिली. एकही उपयोगाचं नव्हतं.

"वाऱ्याने गेली असेल," जिज्ञासा म्हणाली.

"मावशींची गाठ वाऱ्याने सुटेल होय?" भूपेश म्हणाला. "गुरुवारी टाकी धुतली. धर्मराज!"

धर्मराज, इमारतीचा वॉचमन, जिन्याशी पाइप गुंडाळत होता. पन्नाशीचा, लातूरकडचा माणूस. पुराच्या वेळी आईच्या स्वयंपाकघरात जेवलेल्या एकोणिसांतला एक.

"गुरुवारी टाकी धुताना पुसायला फडकं घेतलंस का या वेलावरचं? निळं?"

"नाय साहेब."

"आठवून सांग. खोटं नको बोलू. मावशींची चिंधी निळीच असायची."

"साहेब, मावशीची चिंधी मला ठाऊक नाय का? त्याला कोण हात लावतंय?"

"मग काय भुताने नेली? टाकीपाशी तुझ्याशिवाय कोणी जातं का? मावशीच्या शेवटच्या आठवणीचा प्रश्न आहे, धर्मराज. ताई अंबरनाथवरून धावत आल्यात."

धर्मराजने पाइप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले असते तर ते तिथेच संपलं असतं, आणि मला बिया तरीही मागता आल्या असत्या. हा हिशेब मी केला. किती वेळात केला तेही मला आठवतं.

"मी सोडली," मी म्हटलं. "मागच्या रविवारी. मला ती हवी होती."

आता गच्चीवर खरं मौन झालं. भूपेशला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं तसं.

"कशाला?" बकुळाकाकूंनी विचारलं.

"आईच्या लुगड्याची होती."

"अगं मग माझ्याकडं मागायचीस. तिचं अख्खं लुगडं आहे माझ्याकडं, गोधडीला दिलेलं." काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि एवढा वेळ आमच्यावर कशाला तापत होतीस गं? बोलायला तोंड मिळालं म्हणून?"

भूपेश म्हणाला, "ठीक आहे. ब्लेम नको. सोल्युशन बघू. मी लगेच गटावर मेसेज टाकतो, कोणाकडे बिया असतील तर..."

"अरे कोणाला टाकतोस?" काकू म्हणाल्या. "चौदा घरांतली माणसं इथं बसलीत आणि फोन टोपलीत. उठा की."

सगळे उठले. माझ्या मनात भूपेशबद्दल पुन्हा काहीतरी बोचरं आलं. ते मी गिळलं. पहिल्यांदा गिळलं म्हणून लक्षात राहिलं.

मी चौदा स्वयंपाकघरांत गेले. पंधरा वर्षं त्या इमारतीत आईकडे येत होते आणि एकाही ओट्यापर्यंत गेले नव्हते. पाच घरांत फोड बियांसकट खाऊन झाली होती, एका काकांनी हात जोडून सांगितलं, "चावून खाल्ल्या हो, मावशींच्या म्हणून एकही टाकली नाही." दुसऱ्या मजल्यावर कोशिंबीर झाली होती. दह्यातून एकेक बी बोटाने वेचलं, त्या घरातली सून चमच्याने, मी नखाने. भूपेशच्या घरी फोड बशीत, फोटोसमोर. माझ्या आईचा फोटो, बाणांशिवाय. त्या फोडीला हळदकुंकू लावलेलं होतं. जिज्ञासाने ती बशीसकट माझ्या हातात दिली. मी बिया काढून उरलेली फोड परत फोटोपुढे ठेवली.

उरलेल्या घरांतल्या बिया ओल्या कचऱ्यात गेल्या होत्या. कचऱ्याच्या बादल्या जिन्याखाली असतात आणि धर्मराज त्या दहाच्या सुमारास खतयंत्रात ओततो. यंत्र समितीचं, भूपेशने आणलेलं, आतून तापतं. त्यात गेल्या असत्या तर बिया भाजून निघाल्या असत्या. त्या दिवशी पाइपच्या कामात धर्मराज गच्चीवरच अडकला होता, म्हणून बादल्या तशाच होत्या. मी वाकले, पण तो माझ्याआधी बसला. कोपरापर्यंत हात घातला. चहाचा चोथा, कांद्याची सालं, भात. मधे मधे बिया चिकटलेला काकडीचा गर वर काढायचा आणि माझ्या ताटलीत ठेवायचा.

"धर्मराज, मघाशी..." मी म्हटलं.

"ताटली जरा इकडं धरा, ताई," तो म्हणाला.

दुपारी बकुळाकाकूंच्या ओट्यावर पातेल्यात पाणी घेतलं. काकूंनी बिया राखेने चोळल्या. राख देवघरातली, उदबत्तीची, दुसरी कोणाकडे असणार. आई चुलीची आणायची, पालेगावहून, पिशवीत. गर सुटला. मग पाण्यात सोडल्या. पोकळ बी तरंगतं, भरलेलं तळाशी जातं. हे काकूंना माहीत होतं, मला नव्हतं. दोन-अडीचशे बिया असतील. सगळ्या वर आल्या आणि तिथेच राहिल्या, पांढऱ्या, चपट्या, एकमेकींना चिकटून. देठ वाळला नव्हता. भूपेश दारात उभा होता.

काकूंनी बोटाने पाणी ढवळलं. पुन्हा थांबलो. एक खाली गेली. मग तीन. मग बऱ्याच वेळाने काही.

अकरा.

काकूंनी वरचं पाणी ओतून दिलं आणि अकरा बिया पंचावर टिपून माझ्या तळहातावर ठेवल्या. मी मूठ मिटली.

"काय करणार आता?" त्यांनी विचारलं.

"अंबरनाथला नेते."

"सगळ्या?"

"माझ्या आईच्या आहेत, काकू."

"तुझ्या आईनं कधी सगळ्या एका घरात ठेवल्या का? मुंग्या लागतात, बुरशी येते, उंदीर नेतो. पाणी शिरतं. ती वाटायची ते काय पुण्य लागावं म्हणून? एकीकडं गेलं तर दुसरीकडं असावं म्हणून." काकू थांबल्या. "आता आम्ही धरलं नाही, ती आमची चूक. आळशी आम्ही. ती होती ना, म्हणून. मूठ उघड."

मी उघडली नाही लगेच.

"चार मला दे," त्या म्हणाल्या. "मी धरते. शपथ घालू नको, धरते म्हणाले ना."

मी चार मोजून दिल्या. भूपेश दारातून दोन पावलं पुढे आला. "ताई, माझ्याकडे... म्हणजे समितीकडे नको वाटलं तर नको. पण मला शिकायचंय. चिंधी मी स्वतः बांधेन. इशारा बंद करेन त्या कुंडीचा." मग न राहवून म्हणाला, "त्यासाठी सेटिंग आहे."

त्याच्या टोपीवरचं पान उसवून कानावर आलं होतं. हा माणूस काकडीला कोंब आला की तिची मुलाखत घेईल. तिच्यावर स्लाइड करील, बाण काढील. जूनमध्ये बी मातीत टाकताना कोणीतरी त्याचं चित्रण करावं अशी त्याची इच्छा असणार. मला तो आवडत नाही. त्या दुपारीही आवडला नाही, आणि हे लिहिताना आवडू लागला असंही नाही.

उरलेल्या सातही मी त्याच्या हातावर ठेवल्या. माझ्या अंबरनाथच्या खिडकीसमोर सहा फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. त्याच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं.